गालाला कळतं

"वहिनी, या इस्त्रीत करंट निघाला तर मी माझी मिशी उतरवीन," वायरमन म्हणाला आणि त्याने टेस्टर खिशात खोचला.

"मग उतरवाच. आत्ताच बसलाय मला."

"कुठं बसला?"

"मानेत. मान खाली घातली की सर्रकन पाठीतून उतरतो, पार टाचेपर्यंत."

"अहो, करंट हाताला बसतो. मानेला बसणारी इस्त्री अजून कुठल्या कंपनीनं काढली नाही."

लॉन्ड्रीतले सगळे हसले. वहिनीही हसली, पण जरा उशिरा. ही तिसरी इस्त्री होती. पहिली मालकांनी भंगारात घातली, दुसरी घरी नेली आणि त्यांच्या घरी ती गाईसारखी गरीब निघाली. तिसरी नवी कोरी आणली होती. मालक दारात उभे राहून म्हणाले, "आता काय लाकडाची करून आणू?" त्यांचं बोलणं तिरकं असलं तरी माणूस वाईट नव्हता. हातातलं काम सोडून ते तिच्यासाठी वायरमनला बोलवायला स्वतः गेले होते.

दुपारी सगळे जेवायला पांगले तेव्हा वहिनीने प्लग काढला. इस्त्री पार गार होऊ दिली. गार इस्त्री हातात धरून तिने मान खाली घातली. करंट आला. मग इस्त्री टेबलावर ठेवून ती दोन पावलं मागे सरली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पुन्हा मान खाली घातली. तेव्हाही आला, तसाच, टाचेपर्यंत.

गरिबावर चोरीचा आळ घेतल्यावर वाटावं तसं तिला त्या इस्त्रीबद्दल वाटलं, आणि मग एकदम भीती वाटली.

वहिनी या लॉन्ड्रीत लग्नाआधीपासून होती. तेव्हा तिला वहिनी कोण म्हणणार. पण लग्न झाल्यावर पहिल्याच दिवशी धुलाईवाल्याने "वहिनी" अशी हाक मारली आणि मग गिऱ्हाइकं, वायरमन, मालक, मालकांचे वडील, सगळ्या गावाची ती वहिनी झाली. तिचं काम फक्त शर्टांचं. चादरी, पडदे, पँटी दुसऱ्या टेबलावर जायच्या. कॉलर मात्र तिच्याच हातून जायची. इस्त्री तापली की नाही हे ती गालाजवळ नेऊन बघायची, आणि शर्ट झाला की कॉलर गालाला लावायची. "हाताला ओल कळत नाही, गालाला कळते," असं ती नव्या बायकांना सांगायची. त्या बायका बिचाऱ्या गाल भाजून घ्यायच्या आणि पुन्हा हातावर यायच्या.

तिचा नवरा समोरच्या सार्वजनिक बागेत माळी होता. बागेचा खाकी शर्ट सगळ्या माळ्यांना सारखाच मिळायचा. पण याच्या शर्टाची कॉलर अशी असायची की बागेत आलेले लोक त्यालाच साहेब समजून तक्रारी सांगत. खरे साहेब चुरगळलेल्या शर्टात मागे उभे असत. माळ्याला याचा अभिमान होता. वहिनीला तर त्याहून जास्त होता, फक्त ती बोलून दाखवत नसे.

तर अशी ही दोघं इस्पितळात मज्जातंतूंच्या डॉक्टरसमोर बसली. तोवर वहिनीच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती आणि पोटाभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर घाईत होते. बाहेर रांग होती.

"वायरवरचं प्लास्टिक खरवडलं गेलं तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"शॉक बसतो," वहिनी म्हणाली.

"बरोबर. तुमच्या मणक्यातल्या वायरींचं तसं झालंय. स्कॅनमधे डाग आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजाराचा संशय आहे."

"संशय म्हणजे?" माळ्याने विचारलं. "आहे की नाही?"

"एका झटक्यावरून ठाम सांगता येत नाही. दुसरा आला की खात्री होईल. पण माझं मत विचाराल तर वाट बघू नका, इंजेक्शनं आत्ताच सुरू करू. गेलेलं परत आणणारं औषध नाही हे. पुढचं जाणं लांबवणारं आहे. ताप येतो, अंग मोडून येतं, रक्त तपासत राहावं लागतं. विचार करून सांगा. स्कॅन मात्र तीन महिन्यांनी पुन्हा करायचाच."

माळी मान डोलावून उठला. घोडं कुठे पेंड खात होतं ते घरी आल्यावर कळलं.

"खात्री नाही म्हणतो आणि इंजेक्शन टोच म्हणतो! कीड दिसल्याशिवाय मी कधी फवारणी केलीय का? उगाच फवारलं की आधी झाडच मरतं."

"मी झाड आहे का?"

"झाडापेक्षा वेगळं काय असतं माणसाचं? पान पिवळं पडलं की पानाला औषध लावून भागत नाही. मुळाशी बघावं लागतं. माती बघायची, पाणी बघायचं, ऊन बघायचं."

वहिनीला हे पटलं. पटणारच. ज्या माणसाने मेलेले गुलाब उठवलेले तिने डोळ्यांनी पाहिले होते, त्याचं ऐकायचं की रांगेतल्या चौथ्या पेशंटचं नाव हाकारत बोलणाऱ्या डॉक्टरचं? आणि इंजेक्शनाची तिला भीती वाटत होती, तीही त्यात मिळाली.

मग नणंदेने आहारवाल्या बाई सुचवल्या. त्यांनी नणंदेचे गुडघे बरे केले होते. नणंदेचं कण्हणं थांबलं म्हणजे अख्ख्या घराला बरं वाटलं, त्यामुळे बाईंवर सगळ्यांचाच विश्वास बसला होता. बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी वहिनीला समोर बसवून सगळं विचारलं, झोप कशी लागते, पाळी कधी गेली, लहानपणी काय काय झालं, घरात कुणाशी बोलणं बंद आहे का. इतकं निवांत तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तिला तिथे रडू आलं.

"तुमची हार्मोन्स रुसलीत हो," बाई म्हणाल्या, "आणि शरीर उपाशी आहे. पोट भरलंय, पण शरीर उपाशी."

गहू बंद, दूध बंद, साखर बंद. ड जीवनसत्त्वाचे थेंब. माशाचं तेल. जवस. दंडाला आतून चोळायचं हार्मोनचं मलम. दिवेलागणीनंतर खायचं नाही, लवकर झोपायचं. आणि रोज थोडा वेळ सकाळचं कोवळं ऊन. जाताना बाई हेही म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाणं सोडा असं मी म्हणत नाही हं." हे वाक्य दोघांनी ऐकलं आणि दोघांनी मिळून विसरून टाकलं.

माळी हात धुऊन मागे लागला. घरामागच्या अंगणातली फुलझाडं उपटून त्याने पालेभाजी लावली. जवस स्वतः कुटायचा. माशाच्या तेलाचा चमचा पुढे करून उभा राहायचा आणि तिने तोंड वाकडं केलं की आधी स्वतः एक चमचा घ्यायचा. "बघ, मेलो का मी?" त्याच्या तोंडाला दिवसभर मासळीचा वास यायचा आणि बागेतली मांजरं त्याच्या मागे फिरायची. मालक म्हणाले, "दादा, हे म्हणजे अति तिथं माती."

"माती वाईट नसते मालक," माळी म्हणाला.

आणि वहिनीला बरं वाटू लागलं. खरोखर. पोटाचा पट्टा सैल झाला. करंट येईनासा झाला. एके दिवशी सकाळी तिला शर्टाचं बटण बोटाला कळलं, त्याची चार भोकंसुद्धा कळली. ती तशीच रस्ता ओलांडून बागेत गेली आणि नवऱ्याच्या छातीवरचं बटण धरून उभी राहिली. भर बागेत. माळ्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो खाली बसला आणि मातीच्या हातांनी तोंड झाकून रडला.

या आजाराचा झटका आपणहूनही ओसरतो. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. पण ते घाईत सांगितलं होतं, आणि आनंदात असलं काही कुणाला आठवत नाही. स्कॅनची तारीख आली आणि गेली. बऱ्या झालेल्या झाडाला उकरून मुळं बघायला जातं का कुणी?

उन्हाळा लागला. जवस, मलम, थेंब सगळं चालू होतं, आणि आता माळ्याच्या मनात आलं की कोवळ्या उन्हाने एवढा गुण येतो तर पिकल्या उन्हाने किती येईल.

"कोवळ्या उन्हावर नुसता पाला येतो," तो म्हणाला. "फळ धरायला तापावं लागतं."

जेवणाच्या सुट्टीत तो तिला बागेत न्यायचा. गुलाबांच्या वाफ्याशेजारी त्याने एक खुर्ची ठेवली होती. वहिनी वाफेच्या गरमीतून उठायची आणि येऊन उन्हात बसायची. आगीतून फुफाट्यात. थोड्या वेळात उजव्या डोळ्यापुढे धूर आल्यासारखं व्हायचं. गुलाबांचा लाल रंग फिका पडून विटक्या कापडासारखा दिसायचा. पाय भिजल्या गादीसारखे जड व्हायचे.

"कसं वाटतंय?" माळी वाफ्यातून विचारायचा.

"बरं वाटतंय."

का म्हणायची ती असं? तो विचारायचा तेव्हा हातातलं खुरपं खाली ठेवून विचारायचा म्हणून. त्याच्या तोंडाला मासळीचा वास येत असायचा म्हणून. एवढं केलेल्या माणसाला "नाही" म्हणायचं तर तिला जीभच सापडत नसे. घरी जाऊन थंड पाण्याने पाय धुतले की धूर निवळायचा, आणि तिला वाटायचं, निवळलं ना, मग सांगायचं तरी कशाला.

एकदा मात्र तिने सांगितलं. "उन्हात बसले की नीट दिसत नाही हो. पायातलं बळही जातं."

माळ्याने बराच विचार केला. टाळून दिलेलं उत्तर नव्हतं ते, त्याच्या सगळ्या आयुष्यातून आलं होतं. "रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावलं की आधी मान टाकतं," तो म्हणाला. "नवखा माणूस घाबरून उपटून टाकतो. धीर धरला की धरतं ते. तू आता मान टाकायच्या दिवसांत आहेस. पुढं धरशील बघ."

वहिनीने धीर धरला. धीर धरण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

मग शर्ट जळाला. गिऱ्हाइकाचा होता, पांढरा. तिला वास आला, पण वास कुठून येतोय ते कळेना, आणि पलीकडच्या टेबलावरची बाई ओरडली, "वहिनी, हात! हात!" वहिनीने खाली बघितलं. डावा हात शर्ट ताणून धरायला टेबलावर ठेवला होता आणि इस्त्री त्याच्या कडेवर टेकली होती. कातडी पांढरी पडली होती. दुखत काहीच नव्हतं. आपल्या हाताकडे ती दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं बघत राहिली.

मालकांनी मलम लावलं, फडकं गुंडाळलं. कितीतरी वेळ ते फडक्याची गाठच नीट करत बसले.

"उद्यापासून काउंटरवर बसा वहिनी," ते शेवटी म्हणाले. "गिऱ्हाइकाशी गोड बोलणारं माणूस हवंच होतं मला. मी बोललो की ते दुसऱ्या लॉन्ड्रीत जातं."

"कॉलर कोण करील?"

"करील कुणीतरी."

हे "कुणीतरी" तिला इस्त्रीपेक्षा जास्त चटकलं. घरी तिने सांगितलं की जरासं भाजलं, रोजचंच आहे. दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसली, हसून बोलली, आणि जेवणाच्या सुट्टीत उठून नेहमीसारखी बागेत गेली. तिला आता ऊन हवंच होतं. धरायचं असेल तर लवकर धरावं, टेबल हातचं जायच्या आत. म्हणून सुट्टी संपली तरी ती उठली नाही. माळी पलीकडे पाणी देत होता.

"झालं की. चल," त्याने हाक दिली.

"थोडं अजून बसते."

तो खूश झाला. थोड्या वेळाने तो आला, तिच्यापुढे हात केला, आणि तिने उठायचं ठरवलं. ठरवण्यापलीकडे काही झालं नाही. पाय खाली होते, तिचेच होते, चपला घातलेले. पण निरोप पोचतच नव्हता.

"उठ की गं."

"उठतेय," ती म्हणाली. "उठतेय मी."

त्याने तिला उचललं. नव्या नवरीला उचलावं तशी नव्हे, मुळासकट निघालेलं झाड उचलावं तशी, खाली काही सांडू नये म्हणून जपून.

तेच डॉक्टर, तीच रांग. स्कॅन झाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले आणि या वेळी ते घाईत नव्हते. घाईत असते तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं.

"आता संशय उरला नाही," ते म्हणाले. "खात्री आहे. मधले इतके महिने आला का नाहीत?"

माळी तोंड उघडणार होता.

"मीच आले नाही," वहिनी म्हणाली. "बरं वाटत होतं मला. हे म्हणत होते, मीच ऐकलं नाही."

माळ्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याने खाली बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर, उन्हानं झालं का हे? मी... आम्ही रोज उन्हात बसवायचो."

"नाही. उन्हानं, गरमीनं तेवढ्यापुरतं बळ जातं, गारव्यात आलं की परत येतं. आजार त्यानं वाढत नाही. पालेभाजी, जवस, त्याचंही काही नाही, खाऊ द्या खुशाल." डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन खाली उतरवले. "वेळ गेला, तो मात्र गेला. इंजेक्शनं देऊ. आता किती उपयोग होईल, सांगत नाही."

पण माणूस आपल्याला झेपेल तेवढंच ऐकतो. माळ्याने ऊन तेवढं ऐकलं. वेळ फार मोठा होता, तो कुणाच्या माथी मारणार? उन्हाला निदान दारातून हाकलता येतं. घरी आल्यावर त्याने खिडक्यांना जाड पडदे लावले. जी खिडकी पडद्याने झाकेना तिच्यावर कागद चिकटवले. आयुष्यभर उन्हाच्या मागे धावलेला माणूस, भर दुपारी घरात दिवा लावून बसू लागला. वहिनी त्याला म्हणाली, "अहो, त्यानं नाही झालं. डॉक्टर बोलले ना." तो म्हणाला, "असू दे. डोळ्यांना गार वाटतं." आणि तिला कळलं की हे आता असंच राहणार. आपण "बरं वाटतंय" म्हणालो नसतो तर, हे तिला रोज वाटायचं. पण ते बोलून दाखवलं असतं तर त्याने तेही स्वतःच्याच अंगावर घेतलं असतं, म्हणून तिने ते पोटात ठेवलं.

इंजेक्शनं चालू झाली. ताप यायचा, जायचा. पाय आले नाहीत. डॉक्टरांनी ते येतील असं कधी म्हटलंही नव्हतं. मालकांनी तिचं टेबल बरेच दिवस रिकामं ठेवलं. मग चादरींचा ढीग फार झाला तेव्हा त्यावर ठेवायला लागले.

माळ्याला कामावर जायचं होतं. बरेच दिवस तो चुरगळलेल्याच शर्टात जात होता आणि आता बागेतल्या तक्रारी लोक खऱ्या साहेबांना सांगू लागले होते. एका सकाळी त्याने ओट्यावर चादर अंथरली, घरातली जुनी इस्त्री काढली आणि खाकी शर्ट पसरला. वहिनी खुर्चीत बसून सांगत होती.

"कॉलर आधी उलट्या बाजूनं. टोकाकडून मधे या. मधून टोकाकडे गेलात तर चुणी पडते."

"हं."

"पाणी शिंपडा. एवढं नाही हो, वाफ्याला देताय का?"

तो हसला. खूप दिवसांनी हसला. खुरपं धरल्यासारखी त्याने इस्त्री धरली होती आणि जीभ दातांत पकडली होती. बऱ्याच वेळाने त्याने शर्ट उचलला, दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढे आला.

"बघ. ओल राहिलीय का?"

वहिनीने मान जराशी कलती करून गाल पुढे केला. त्याने कॉलर तिच्या उजव्या गालाला लावली. तिने डोळे मिटून घेतले. मग तिने दुसरा गाल पुढे केला आणि तो थांबला तशी म्हणाली, "या बाजूनंही बघते." त्याने कॉलर डाव्या गालाला लावली. ती थांबली, नेहमी थांबायची त्यापेक्षा थोडी जास्त.

"कशी झालीय?"

"छान झालीय," वहिनी म्हणाली. "सुकलीय अगदी."

माळ्याने शर्ट घातला, बटणं लावली आणि दार उघडून उन्हात गेला. कॉलरच्या टोकाशी मोठी चुणी होती आणि मानेपाशी कापड ओलं, गडद दिसत होतं.